ऊन काचेबाहेरच अडवायला हवं

दुपारचे चार वाजले की पश्चिमेच्या खोलीत बसवत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पुण्या-मुंबईपासून नागपूर-चंद्रपूरपर्यंत असंख्य घरांत हे रोज घडतं. माणसं जाड पडदे ओढून घेतात, पंखा पाचावर नेतात, परवडत असेल तर एसी लावतात. तरीही रात्री दहा वाजता त्या खोलीत पाऊल टाकलं की भिंतीतून, गादीतून, कपाटाच्या दारातून धग येतच असते. पडदा तर दुपारभर बंद होता, मग एवढी उष्णता आली कुठून? ती पडद्यावरूनच आली. पडदा काचेच्या आत होता, ही खरी अडचण.

माझं म्हणणं सरळ आहे. खिडकीवरचं ऊन काचेच्या बाहेर अडवलं तर खोली थंड राहते. आत अडवलं तर त्या मानाने बरंच कमी हाती लागतं. लाकडी झडप असो, झिलमिली असो, बांबूचा चिक असो, गुंडाळता येणारं ॲल्युमिनियमचं शटर असो की जाड कापड, कशानेही काम होईल. जागा मात्र बाहेरचीच हवी. घर थंड ठेवण्याच्या सगळ्या उपायांत मला हा सगळ्यात कमी खर्चाचा आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित उपाय वाटतो.

असं का होतं, हे काचेच्या स्वभावात आहे. सूर्याकडून येणारी बहुतेक ऊर्जा आखूड लहरींची असते: डोळ्यांना दिसणारा प्रकाश आणि त्याला लागून असलेले अवरक्त किरण. साध्या, रंगहीन, एकेरी काचेतून त्यातला ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग आत येतो. आत आल्यावर तो फरशीवर, पलंगावर, पडद्यावर पडतो आणि त्या वस्तू तापतात. तापलेल्या वस्तूही किरण बाहेर टाकतात, पण त्यांच्या लहरी लांब असतात, दहा मायक्रॉनच्या आसपासच्या. या लांब लहरी काचेतून आरपार जात नाहीत. येताना मोकळी असलेली वाट परतताना बंद होते, आणि उष्णता खोलीत कोंडली जाते.

पडदा याच कोंडलेल्या जागेत टांगलेला असतो. तो पांढरा किंवा फिकट असेल तर त्याच्यावरून उलटलेलं ऊन आखूड लहरींचंच राहतं, त्यामुळे त्यातलं काही काचेतून परत जातं. गडद पडदा मात्र ऊन शोषून स्वतः तापतो. काच आणि पडदा यांच्यामधली हवा तापून वर चढते आणि पडद्याच्या वरच्या फटीतून खोलीत पसरते. डोळ्यांना अंधार मिळतो, अंगाला गारवा मिळत नाही.

आकड्यांत पाहू. पाच फूट रुंद, चार फूट उंच अशी नेहमीची एक खिडकी घ्या. तिचं क्षेत्रफळ वीस चौरस फूट, म्हणजे सुमारे १.८५ चौरस मीटर. मे महिन्यातल्या निरभ्र दिवशी दुपारी साडेचारच्या सुमारास पश्चिमेच्या उभ्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला ६०० वॅटच्या आसपास ऊन पडतं. म्हणजे त्या खिडकीवर साधारण अकराशे वॅट. साध्या काचेतून त्यातले नऊशेच्या आसपास खोलीत येतात. कपड्यांची हजार वॅटची इस्त्री खोलीच्या मधोमध चालू ठेवून दिली तर जेवढी उष्णता होईल, जवळजवळ तेवढी. आत फिकट, दाट विणीचा पडदा असेल तर हा आकडा साडेचारशे ते सहाशेवर येतो. तेच आवरण काचेच्या बाहेर नेलं आणि ते नीट बसलं, तर शंभर-दीडशे वॅटच्या पुढे फारसं आत येत नाही. बाहेरची झडपही तापतेच, पण तिची उष्णता बाहेरचा वारा घेऊन जातो.

एक टनाचा एसी पूर्ण ताकदीने चालतो तेव्हा खोलीतून साडेतीन किलोवॅट दराने उष्णता बाहेर काढतो. त्यातला चौथा हिस्सा या एकट्या खिडकीतून आलेलं ऊन बाहेर फेकण्यात खर्च होतो. आधी आत घ्यायचं आणि मग वीज जाळून बाहेर काढायचं, असा हा व्यवहार आहे.

रंगीत किंवा गडद काच लावली की प्रश्न सुटला, अशीही समजूत आहे. साधी गडद काच ऊन अडवते ते मुख्यतः शोषून, त्यामुळे ती स्वतःच तापते आणि तिच्याजवळ बसणाऱ्याला झळ लागते. शिवाय खोलीतला उजेड वर्षभर कमी होतो, पावसाळ्यातल्या अंधाऱ्या दिवशीसुद्धा. चांगल्या लेपाच्या काचा यापेक्षा बऱ्याच सरस असतात, पण त्या महाग असतात आणि बांधून झालेल्या इमारतीत क्वचितच बसवल्या जातात.

आपल्याकडे खिडकीवर छज्जा असतो, मग आणखी काय हवं, असा प्रश्न कुणाच्याही मनात येईल. याचं उत्तर सूर्याच्या चालीत आहे. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. म्हणून वर्षातून दोनदा सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि शून्य सावलीचा दिवस येतो. पुण्यात तो मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस असतो. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला झुकलेला असतो. त्यामुळे भर उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीला दुपारचं ऊन जवळपास लागतच नाही, आणि डोक्यावरच्या सूर्यासाठी छोटासा छज्जाही भरपूर होतो. खरा त्रास सकाळी पूर्वेकडून आणि त्याहून अधिक दुपारनंतर पश्चिमेकडून येणाऱ्या तिरप्या उन्हाचा.

पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यावरचा हिशेब मी करून पाहिला. चार फूट उंच पश्चिमेच्या खिडकीवर अगदी लगत दोन फुटांचा छज्जा आहे असं धरलं, तर साडेचार वाजता त्याची सावली काचेच्या वरच्या सोळा इंचांवर पडते. खालचे बत्तीस इंच उन्हातच. साडेपाचला सावली नऊ इंचांचीही उरत नाही. पूर्ण खिडकी झाकायची म्हटलं तर साडेचारला सहा फुटांचा छज्जा लागेल आणि साडेपाचला अकरा फुटांचा. असा छज्जा कुणी बांधणार नाही. त्यात पश्चिम महाराष्ट्राचं घड्याळ सूर्याच्या अर्धा तास पुढे चालतं, कारण भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, म्हणजे उत्तर प्रदेशातली आहे. मेमध्ये पुण्यात सूर्य सातच्या आसपास मावळतो, आणि माणसं कामावरून घरी येतात तेव्हाही भिंतीवर ऊन असतंच. जूनमध्ये तर सूर्य पश्चिमेपासून २५ अंश उत्तरेला सरकून मावळतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडक्यांनाही संध्याकाळी तिरकं ऊन लागतं.

तिरप्या उन्हाला आडवं छप्पर पुरत नाही. त्याच्यासमोर उभं काहीतरी धरावं लागतं. आणि ते उघडता-मिटता यायला हवं, कारण त्याच खिडकीतून आपल्याला सकाळचा उजेड, रात्रीचा वारा आणि पहिल्या पावसाचा वासही हवा असतो.

आधुनिक वास्तुकलेला हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला. वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांनी पॅरिसमध्ये साल्व्हेशन आर्मीसाठी 'सिते द रफ्यूज' ही निराधारांची निवासवास्तू बांधली. ती १९३३च्या अखेरीस खुली झाली. तिची दक्षिणेकडची सुमारे हजार चौरस मीटरची भिंत पूर्ण काचेची होती, आणि त्या भिंतीतली एकही खिडकी उघडत नव्हती. मूळ कल्पना दुहेरी काचेची आणि यंत्राने थंड-गरम केलेल्या हवेची होती, पण पैसे कमी पडले आणि एकेरी काच तेवढी उरली. पहिल्या हिवाळ्यात सगळे खूश होते. पुढच्या उन्हाळ्यात मात्र आत राहणाऱ्यांचा जीव गुदमरू लागला. आधीच हाल सोसून आलेली ती माणसं, त्यांत मुलंबाळंही होती. प्रशासनाने उघडणाऱ्या खिडक्या बसवायला लावल्या. कॉर्बुझिए आपल्या बंद काचेसाठी भांडत राहिले. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्याने ती काचेची भिंत उद्ध्वस्त झाली, आणि नंतरच्या पुनर्बांधणीत तिच्यासमोर ऊन अडवणाऱ्या काँक्रीटच्या पट्ट्या उभ्या राहिल्या. पॅरिससारख्या थंड शहरात ही गत झाली, हे आपण विसरू नये.

तोपर्यंत कॉर्बुझिए स्वतःही बदलले होते. अहमदाबादेत १९५४ साली पूर्ण झालेली मिल ओनर्स असोसिएशनची त्यांची इमारत पाहिली की हे कळतं. आश्रम रोडकडच्या पश्चिम बाजूला काँक्रीटच्या रुंद पट्ट्या तिरक्या वळवलेल्या आहेत. त्यामुळे तिथून मावळतीचं ऊन आणि रस्त्यावरची नजर दोन्ही अडतात. साबरमतीकडच्या पूर्व बाजूला त्याच पट्ट्या सरळ आहेत, कारण तिथून नदीवरची हवा हवी होती. काचेच्या बंद पेटीपासून इथपर्यंतचा त्यांचा प्रवास मला त्यांच्या कोणत्याही सिद्धांतापेक्षा मोलाचा वाटतो.

मुंबईची अडचण याहून अवघड आहे. तिथे समुद्राचा वारा पश्चिमेचा, समुद्राचं दृश्य पश्चिमेचं, आणि संध्याकाळचं ऊन आणि पावसाचा माराही पश्चिमेचाच. वास्तुविशारद चार्ल्स कोरिआ यांनी १९८३ साली पूर्ण झालेल्या कुंबाला हिलवरच्या कांचनजंगा इमारतीत याचं उत्तर दिलं. घरांची तोंडं पूर्व-पश्चिमच ठेवली, पण कोपऱ्यांत दुमजली उंचीच्या खोल गच्च्या कापल्या. जुन्या बंगल्याचा व्हरांडा त्यांनी उंच इमारतीत नेला. ऊन आणि पाऊस त्या गच्चीत थांबतात आणि राहत्या खोल्या मागे सावलीत राहतात. आपल्यापैकी बहुतेकांच्या फ्लॅटला अशी गच्ची मिळणार नाही. पण ऊन काचेपर्यंत पोचण्याआधी थांबवायचं, हे तत्त्व पाचशे चौरस फुटांच्या घरातही पाळता येतं.

आपल्याकडे ते पाळलं जातही होतं. फोर्ट, काळबादेवी, गिरगावातल्या जुन्या इमारतींच्या खिडक्यांना अजून कुठे कुठे लाकडी झिलमिल्या दिसतात. चौकटीत तिरक्या बसवलेल्या पातळ फळ्या, आणि काही ठिकाणी त्या सगळ्या एका उभ्या काठीने एकदम वर-खाली फिरवायची सोय. दुपारी फळ्या मिटल्या की ऊन बाहेर. थोड्या उघडल्या की वारा आत, पण पाऊस आणि रस्त्यावरच्यांची नजर बाहेर. पणजीच्या फोंताईन्यश भागातल्या घरांनाही अशा झडपा आहेत. गोव्यातल्या जुन्या घरांत तर काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या खिडकीत बसवत; त्यांतून येणारा उजेड मऊ असतो आणि ऊन थेट अंगावर येत नाही. कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर पडवीला झावळ्यांच्या झडी बांधतात. त्या पावसासाठी असतात, पण भिंतीपासून दूर एक वेगळं आवरण उभं करायचं, ही युक्ती तीच. विदर्भात दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारत. तिथे सावलीला बाष्पीभवनाचा गारवा मिळायचा. चाळीची सामायिक गॅलरीसुद्धा खोलीच्या खिडकीसाठी सावलीच होती.

हे सगळं एकाएकी गेलं नाही. सागवान महागलं, झिलमिलीचं बारीक काम करणारे सुतार कमी झाले, आणि सरकती ॲल्युमिनियमची खिडकी आली. ती स्वस्त, बसवायला सोपी, पावसाला बऱ्यापैकी घट्ट. पण ती सहसा निम्म्याहून अधिक उघडत नाही, आणि तिच्या चौकटीत झडपेची जागाच नसते. मग एसी आवाक्यात आला आणि खिडकीकडून गारव्याची अपेक्षा करणंच लोकांनी सोडून दिलं. आज नवी इमारत दाखवताना बिल्डर मोठ्या काचा दाखवतात. त्या काचेवर दुपारी किती ऊन पडेल, हे विचारणारा ग्राहक मला अजून फारसा दिसत नाही.

दक्षिण युरोपात मात्र ही सवय टिकली. इटली, स्पेन, पोर्तुगाल, दक्षिण फ्रान्स इथे बाहेरची झडप हा खिडकीचाच भाग मानला जातो. उन्हाळ्यात तिथला दिनक्रम ठरलेला असतो: पहाटे सगळं उघडायचं, ऊन चढू लागलं की काच आणि झडप दोन्ही मिटायची, दुपार त्या अंधारात काढायची, आणि संध्याकाळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड झाली की पुन्हा सगळं सताड उघडायचं. फ्रान्समध्ये २००३च्या ऑगस्टमधल्या उष्णतेच्या लाटेत सुमारे पंधरा हजार माणसं दगावली. त्यांत वृद्ध फार होते. त्यानंतर तिथलं सरकार दर उन्हाळ्यात नागरिकांना ज्या सूचना देतं, त्यांत दिवसा झडपा बंद ठेवा ही सूचना असते.

जर्मनीत गुंडाळती झडप घरोघरी असते. आतल्या पट्ट्याने ओढून ती खाली सोडतात. तिथल्या डीआयएन ४१०८ या प्रमाणकाच्या २००३ सालच्या आवृत्तीत सावलीच्या साधनांचे गुणक दिले आहेत. बाहेरच्या फिरत्या पट्ट्यांना ०.२५, बाहेरच्या गुंडाळत्या झडपेला ०.३, आणि आतल्या पडद्यांना रंगानुसार ०.७५ ते ०.९. म्हणजे बाहेरच्या झडपेमागे उन्हाची सुमारे ३० टक्के उष्णता उरते, तर आतल्या पडद्यामागे ७५ ते ९० टक्के. इंग्लंडमध्ये ही परंपरा नव्हती. तिथे १९ जुलै २०२२ रोजी इतिहासात पहिल्यांदाच पारा ४० अंशांच्या वर गेला. त्याच वर्षी जूनमध्ये नव्या घरांनी अति तापू नये यासाठीचा बांधकाम नियम लागू झाला होता. लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही आता उन्हाळ्यात खिडकीचा विचार करावा लागतो.

थंड प्रदेशात झडपेचा दुसरा उपयोग रात्री होतो. मिटलेली झडप आणि काच यांच्यामध्ये स्थिर हवेचा थर राहतो आणि खोलीतली ऊब बाहेर जाणं कमी होतं. ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठाने २००८ साली स्कॉटलंडमधल्या जुन्या खिडक्यांवर प्रयोग केले, तेव्हा आतून मिटायच्या लाकडी झडपांमुळे काचेतून जाणारी उष्णता निम्म्याने कमी झाल्याचं आढळलं. ऊब राखायला आतली झडपही चालते. ऊन अडवायला चालत नाही. आपल्याला मात्र महाबळेश्वरचा हिवाळा वगळता हा फायदा क्वचितच लागतो.

आता घरातल्या आरामाकडे येऊ. खोलीतला उकाडा आपण हवेच्या तापमानावरून मोजतो, पण शरीराला भोवतालच्या पृष्ठभागांचीही तितकीच जाणीव असते. हवा ३० अंशांवर असेल आणि खिडकी, भिंती, छत मिळून सरासरी ३८ अंशांवर असतील, तर अंगाला साधारण ३४ अंशांच्या खोलीत बसल्यासारखं वाटतं. म्हणूनच पश्चिमेच्या खोलीत एसी २४ वर लावूनही तापल्या खिडकीशेजारचा माणूस २० करा म्हणतो. झडपेने काच, फरशी आणि आतली भिंत थंड राहिली की तोच माणूस २६ वर समाधानाने झोपतो, अनेकदा नुसत्या पंख्यावर. दुपारभर आत आलेलं ऊन फरशी आणि भिंती साठवून ठेवतात आणि रात्रभर परत करतात. ते आलंच नाही तर रात्रही सुधारते. ज्या घरात एसी नाही तिथे झडपेचं मोल सगळ्यात जास्त आहे. लहान बाळ, अंथरुणाला खिळलेली आजी, दुपारी झोपून रात्रपाळीला जाणारा माणूस यांच्यासाठी ही चैन नाही.

वीजबिलाचा हिशेब मात्र प्रामाणिकपणे मांडायला हवा. वर घेतलेल्या वीस चौरस फुटांच्या पश्चिमेच्या खिडकीवर आजवर काहीच आवरण नसेल आणि खोलीत दुपारनंतर एसी चालत असेल, तर बाहेरच्या झडपेने दिवसाला साधारण अर्धा ते पाऊण युनिट वाचेल असा माझा अंदाज आहे. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत पन्नास-साठ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर पाच-सहाशे रुपये. आधीपासून चांगला आतला पडदा असेल तर बचत याहून कमी. म्हणून मोटरवर चालणारं महागडं ॲल्युमिनियमचं शटर निव्वळ बिलातून वसूल होईल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. चिक किंवा शेडनेट दोन-तीन उन्हाळ्यांत सहज वसूल होतं. दोन-तीन खिडक्या पश्चिमेला असतील तर दीड टनाऐवजी एक टनाचा एसी पुरू शकतो, आणि तो फरक खरेदीच्या दिवशीच हातात येतो.

काय लावायचं, हे गावानुसार बदलतं. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे मेमध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तिथे दुपारी बाहेरची हवा आत घेण्यात शहाणपण नाही. काच आणि झडप दोन्ही गच्च मिटावीत आणि पहाटे उघडावीत. कूलर लावलेली खिडकी याला अपवाद, कारण कूलरला बाहेरची हवा लागते. त्याच्यावर सावली धरली तर तोही अधिक बरा चालतो. मुंबई-कोकणात मात्र घाम वाळायला वारा हवा. तिथे गच्च पत्र्याचं शटर लावून खोली कोंडणं चूक ठरेल. झिलमिली किंवा चिकच योग्य. पुण्या-नाशकात संध्याकाळी हवा लवकर उतरते, त्यामुळे ऊन जाताच झडप उघडण्याची सवय लावली की निम्मं काम होतं.

फ्लॅटमध्ये सगळ्यात सोपी जागा बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोरच असते. बहुतेक खिडक्यांना बाहेर पेटीसारखी ग्रिल असते. ग्रिलच्या आत आणि काचेच्या बाहेर चिक टांगला तर तो काचेबाहेर येतो, हाताने गुंडाळता येतो आणि खाली पडण्याची भीती राहत नाही. आगीच्या वेळी बाहेर पडायचं ग्रिलचं दार त्यामुळे अडणार नाही एवढं पाहावं. चिक किंवा कापड काचेला चिकटू देऊ नये. चार-सहा इंच अंतर हवं आणि वर मोकळी फट हवी, म्हणजे मधली तापलेली हवा निघून जाते. उन्हाकडची बाजू फिकट रंगाची हवी. शेडनेट घ्यायचं तर ५० टक्क्यांचं खिडकीला पुरत नाही, ७५ किंवा ९० टक्क्यांचं घ्यावं. चिकाच्या खालच्या दोन्ही टोकांना दोरी बांधून ठेवावी, कारण मेमधला वळीव येतो तेव्हा वारा क्षणात सुटतो. उंच मजल्यावर ग्रिलच्या बाहेर काहीही सैल टांगू नये. वरून पडलेली काठी खालच्या माणसाचा जीव घेऊ शकते. किनाऱ्यावर लोखंडी बिजागऱ्या दोन पावसाळ्यांत गंजतात, तिथे स्टेनलेस स्टीलच वापरावं. आणि सुरुवात पश्चिमेच्या खिडकीपासून करावी. पूर्वेची दुसरी. दक्षिणेची थांबू शकते.

एकेकट्या घराने एवढं केलं तरी मोठा अडथळा उरतोच, तो सोसायटीचा. इमारतीच्या बाह्य स्वरूपात बदल करायचा तर सोसायटीची परवानगी लागते, आणि प्रत्येकाने वेगळ्या रंगाचा चिक लावला की दर्शनी भाग विद्रूप होतो ही तक्रार खोटी नाही. यावर बंदी हा उपाय नाही. सोसायटीने एक नमुना, एक रंग आणि बसवण्याची एक पद्धत ठरवून द्यावी. मग ज्याला जमेल तेव्हा तो लावेल आणि इमारत नीटनेटकी दिसेल.

सरकारी बाजूने पाया घातला गेला आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने डिसेंबर २०१८ मध्ये घरांसाठी 'इको-निवास संहिता' काढली. भारत-स्वित्झर्लंड सहकार्यातल्या इमारत-ऊर्जा प्रकल्पाचं तांत्रिक साहाय्य तिला होतं. थंड प्रदेश सोडून बाकी देशात भिंती-खिडक्यांमधून आत येणाऱ्या उष्णतेवर दर चौरस मीटरला १५ वॅट अशी मर्यादा तिने घातली. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेत उघडणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्रफळ घराच्या चटईक्षेत्राच्या किमान एक षष्ठांश असावं असंही ती सांगते. या हिशेबात छज्जा आणि बाजूच्या उभ्या पट्ट्या अशा बाहेरच्या कायमच्या सावलीला गुण मिळतात. झडपेसारख्या हलत्या सावलीलाही तितकंच स्थान मिळायला हवं, आणि पुनर्विकासाच्या प्रत्येक नकाशात पश्चिमेच्या खिडकीबाहेर झडपेसाठी खोबण ठेवणं बंधनकारक व्हायला हवं. ३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी २५० गिगावॅटवर पोचली होती, आणि २०१९च्या भारतीय शीतकरण कृती आराखड्यानुसार २०१७-१८ ते २०३७-३८ या वीस वर्षांत गारव्याची मागणी सुमारे आठ पटींनी वाढणार आहे. एवढी वीजनिर्मिती उभी करण्यापेक्षा सावली उभी करणं स्वस्त आहे.

तुमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत होईल. तिच्या विषयपत्रिकेत खिडक्यांच्या बाहेरच्या सावलीचा एक विषय लेखी अर्ज देऊन घालून घ्या. त्यावर ठराव झाला तर होळीच्या आधी पश्चिमेच्या खिडक्यांवर झडपा किंवा चिक लागलेले असतील.